जुन्या संगणकाची हार्ड डिस्क हाती आली? आधी कंट्रोलर शोधा

मामांनी प्रेसमधला जुना पीसी-एक्सटी भंगारात काढला तेव्हा एक शहाणपणा केला. निदान त्यांना तो शहाणपणा वाटला. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड सगळं वजनावर घातलं आणि हार्ड डिस्क तेवढी सोडवून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. "सगळा मजकूर यात आहे," म्हणाले. अर्ध्या विटेएवढी ती वस्तू वीसेक वर्षांनी माझ्याकडे आली. वर लेबल होतं सीगेट एसटी-२२५. मी निम्मं आयुष्य संगणकाच्या दुरुस्तीत घालवलेला माणूस. म्हटलं, केबल मिळाली की रविवारी दुपारी होऊन जाईल.

ती रविवार दुपार नऊ महिने चालली. मामांनी जपलेल्या वस्तूचा अर्धाच भाग त्या वर्तमानपत्रात होता. उरलेला अर्धा, म्हणजे मशीनमधलं कंट्रोलर कार्ड, किलोच्या भावाने गेला होता.

तुमच्याकडेही असं काही आलं असेल, १९८० च्या दशकातलं किंवा नव्वदीच्या सुरुवातीचं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा असेंबल्ड एक्सटी किंवा एटी (आयबीएमच्या जुन्या पीसींचे नमुने) सापडतो. ॲमिगा, अटारी एसटी किंवा मॅकिंटॉश निघाला तर तो सहसा परदेशातल्या कुणा नातेवाइकाच्या तळघरातून आलेला असतो. चौघांच्याही हार्ड डिस्कची तऱ्हा वेगळी आहे, पण सुरुवात सगळीकडे एकाच प्रश्नाने करायची.

हाताशी काय काय हवं

- स्क्रू ड्रायव्हर (चपटा आणि फुलीचा), मल्टिमीटर, टॉर्च, मऊ ब्रश
- मोबाइलचा कॅमेरा, मास्किंग टेप, मार्कर
- मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा. नसेल तर काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा
- ज्यावर मजकूर उतरवायचा ते साधन: कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि त्याचा अडॅप्टर, किंवा स्कझीसाठी एसडी कार्डवर चालणारं यंत्र (स्कझी आणि आयडीई हे डिस्क जोडायचे प्रकार, पुढे येतात)
- आयडीईसाठी एक जुना पेंटियम मदरबोर्ड. भंगारात दिला नसेल तर देऊ नका.
- मशीनची कागदपत्रं: खरेदीचं बिल, मॅन्युअल, सर्व्हिसची पावती, डिस्कवर चिकटवलेली चिठ्ठी

शेवटच्या ओळीला हसू नका. माझं काम शेवटी बिलानेच झालं.

१. प्लग लावू नका, आधी उघडा

वीस-तीस वर्षं बंद असलेलं मशीन "चालतंय का बघू" म्हणून लावणं ही सगळ्यांची पहिली चूक असते. आधी मागची बाजू बघा. अमेरिकेतून आलेल्या पीसीच्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ११५/२३० असा छोटा लाल खटका असतो. तो ११५ वर असताना आपल्या भिंतीतली वीज दिली तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही. खटका नसेल तर लेबल वाचा, आणि फक्त ११५ लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावा.

मग कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची छोटी निळी किंवा हिरवी बॅटरी दिसते का पाहा. एटीच्या क्लोनमध्ये (इतर कंपन्यांच्या नकलांत) आणि ॲमिगा २०००, ३०००, ४००० आणि ५०० प्लसमध्ये ती असते. ती फुटून आतला अल्कली भोवतालचं तांबं खातो. हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी कापून काढा, जागा थोड्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या.

एकही वायर सोडवण्यापूर्वी फोटो काढा. दोन-चार नव्हे, तीस-चाळीस. कुठल्या केबलची लाल कड कुठल्या बाजूला, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठल्या पिनांवर, कार्डावरची छापील अक्षरं काय, हे सगळं आलं पाहिजे. आज किरकोळ वाटणारा जंपर पुढे तीन आठवडे खातो.

२. केबली मोजा

डिस्कच्या पाठीमागे किती रिबन केबली येतात आणि त्यांना किती पिना आहेत, एवढं पाहा. वीज देण्याची चार तारांची केबल यात धरू नका.

- दोन केबली, एक ३४ पिनांची आणि एक २० पिनांची: एसटी-५०६ कुटुंब, क्वचित ईएसडीआय
- एकच केबल, ४० पिना: आयडीई, किंवा तिचा आठ बिटांचा विसरलेला भाऊ एक्सटीए
- एकच, बारीक, ४४ पिना: अडीच इंची आयडीई, वीज त्याच केबलमधून
- एकच, ५० पिना: स्कझी
- डबा बाहेर आणि १९ पिनांचा डी-आकाराचा कनेक्टर: अटारी असू शकेल, ॲपलही असू शकेल. घाई नको, पुढे येतंय.

३. आता खरा प्रश्न: कंट्रोलर कुठे बसलाय?

हार्ड डिस्कमध्ये दोन कामं असतात. तबकडी फिरवणं आणि वाचणारं-लिहिणारं हेड पुढे-मागे नेणं, हे एक. तबकडीवरचे चुंबकीय ठोके वाचून त्यातून सेक्टर (मजकुराचे ठरावीक लांबीचे तुकडे), सेक्टरमधून बाइट काढणं, हे दुसरं. दुसरं काम करणारा तो कंट्रोलर.

१९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने (हीच पुढे सीगेट झाली) सव्वापाच इंची आकारातली पहिली हार्ड डिस्क आणली, एसटी-५०६. क्षमता ५ मेगाबाइट. पुढच्या वर्षी १० मेगाबाइटची एसटी-४१२ आली आणि मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटीत १० मेगाबाइटची डिस्क दिली ती याच इंटरफेसची. मग सगळ्या जगाने तो उचलला. या पद्धतीत कंट्रोलर डिस्कवर नसतो, संगणकातल्या कार्डावर असतो. डिस्क फक्त हात-पाय, डोकं कार्डात. दोघांमधल्या २० पिनांच्या केबलमधून बाइट जात नाहीत, कच्चे ठोके जातात.

आयडीईने हेच उलटं केलं. वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा यांनी १९८६ च्या सुमारास कंट्रोलर उचलून डिस्कच्याच पाटावर (सर्किट बोर्डवर) बसवला. स्कझीतही डोकं डिस्कवरच असतं.

म्हणून आयडीई किंवा स्कझी डिस्क एकटी मिळाली तरी चालते. एसटी-५०६ ची एकटी मिळाली तर तुमच्याकडे अर्धीच डिस्क आहे. मामांचं गणित इथे चुकलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? आजची डिस्क तशीच तर काढतात.

४. दोन केबलींची डिस्क: एसटी-५०६

इथे सगळ्यात जास्त सापळे आहेत, तेव्हा सावकाश जाऊ.

*एमएफएम की आरएलएल?* दोन्हींच्या केबली, कनेक्टर, सगळं एकसारखं. फरक फक्त ठोके कसे मांडले यात. एमएफएमने एका ट्रॅकवर (तबकडीवरच्या एका वर्तुळावर) १७ सेक्टर बसतात, आरएलएलने २६. एसटी-२२५ ला ६१५ सिलिंडर (एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकांचे संच) आणि ४ हेड आहेत. १७ सेक्टर धरले की सुमारे २१ मेगाबाइट होतात. तीच रचना आरएलएलवर चालेल अशी पारखून एसटी-२३८आर म्हणून विकली गेली, ३२ मेगाबाइटची. शेवटचा आर हा आरएलएलचा. पण लेबलवर आर नाही म्हणून डिस्क एमएफएमनेच भरली असेल असं मानू नका. दीडपट जागा फुकट मिळते म्हणून साध्या डिस्का आरएलएल कार्डावर चढवणारे त्या काळी बरेच होते.

*कार्ड तेच हवं.* नुसतं एमएफएम कार्ड पुरत नाही. सेक्टरच्या आधीचं शीर्षक प्रत्येक कंपनीचं कार्ड आपापल्या पद्धतीने लिहितं. ज्या कार्डावर डिस्क फॉरमॅट झाली त्याच कार्डावर, नाहीतर निदान त्याच मालिकेच्या कार्डावर, ती वाचली जाण्याची आशा असते.

मामांच्या फाइलीत बिल सापडलं. "हार्ड डिस्क कंट्रोलर, डब्ल्यूडी १००२", एवढंच. मला आनंदाचं भरतं आलं आणि मी ऑनलाइन दिसलेलं पहिलं डब्ल्यूडी १००२ मागवलं. डिस्क फिरली, हेडने टकटक केली, आणि एकही सेक्टर मिळाला नाही. तीन आठवडे मी केबली बदलत बसलो. मग कार्डावरची पुढची अक्षरं वाचली. माझ्या हातात २७एक्स होतं, म्हणजे आरएलएलचं. हवं होतं डब्ल्यूएक्स१, एमएफएमचं. नंबराच्या शेपटीकडे बघायचं असतं हे मी इतरांना शिकवत आलोय.

ते दुसरं कार्ड मिळायला पुढचे पाच-सहा महिने गेले. लॅमिंग्टन रोड पालथा घातला, तपकीर गल्लीत विचारलं, जुन्या बाजारात तर लोक माझ्याकडे दयेने बघायला लागले. शेवटी ते एका ओळखीच्याच माणसाच्या माळ्यावर निघालं.

*कार्ड मिळतच नसेल तर?* आता एक मार्ग आहे. बीगलबोन नावाच्या छोट्या संगणकावर बसणारा एक पाट हौशी लोकांनी तयार केला आहे. तो डिस्कमधले कच्चे ठोकेच टिपून घेतो आणि कुठल्या कार्डाची मांडणी आहे ते सॉफ्टवेअरने ओळखतो. खर्चिक आहे, थोडी सोल्डरिंगची तयारी लागते. पण नऊ महिन्यांच्या तुलनेत स्वस्तच. मला त्याचा पत्ता उशिरा लागला.

*केबलचा पीळ.* ३४ पिनांची केबल फ्लॉपीच्या केबलसारखीच दिसते, आणि दोन्हींत मध्ये काही तारा पिळलेल्या असतात. पण पीळ वेगळ्या जागी असतो: फ्लॉपीत १० ते १६ क्रमांकाच्या तारा, हार्ड डिस्कमध्ये २५ ते २९. अदलाबदल झाली तर काही चालणार नाही. पीळ असलेल्या केबलवर दोन्ही डिस्कचे जंपर "दुसरी" असेच ठेवायचे. कोण पहिली ते पीळ ठरवतो. कुणी शून्यापासून मोजतं, कुणी एकपासून, म्हणून जंपरवरच्या आकड्यावर न जाता डावीकडून-उजवीकडून जागा बघा. सरळ केबल असेल तर मात्र जंपर खरे लावावे लागतात.

केबलच्या टोकाच्या डिस्कवर टर्मिनेटर हवा. रेझिस्टरची ती एक पट्टी किंवा चिपसारखा तुकडा सॉकेटमध्ये बसवलेला असतो. दोन डिस्का असतील तर मधल्या डिस्कचा काढलेला असतो. ३४ पिनांची केबल दोघींना मिळून एक, २० पिनांची मात्र प्रत्येकीला स्वतंत्र.

*एटीवर आणखी एक पायरी.* एक्सटीत डिस्कची माहिती कार्डाच्या रॉममध्ये (न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये) आणि कार्डावरच्या जंपरमध्ये असते. एटीत ती मदरबोर्डच्या सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) "टाइप" या आकड्याने ठेवतात, आणि बॅटरी मेली की तो आकडा जातो. एसटी-२२५ साठी तो टाइप २ (६१५ सिलिंडर, ४ हेड). डिस्क वेगळी असेल तर लेबल किंवा मॅन्युअलवरून सिलिंडर आणि हेड शोधा. बऱ्याच क्लोनमध्ये टाइप ४७ ला हे आकडे हाताने भरता येतात. अंदाजाने टाइप लावून डिस्कवर काही लिहू मात्र नका.

*सगळ्यात मोठा सापळा.* जुन्या मार्गदर्शिकांमध्ये एक सल्ला हमखास असतो: डॉसमधलं डीबग उघडा आणि सी८००:५ या पत्त्यावर उडी मारा. तो कार्डाच्या रॉममधला लो-लेव्हल फॉरमॅट सुरू करतो, म्हणजे तबकडी मुळापासून नव्याने आखतो. कोऱ्या डिस्कला तो लागायचाच. तुमच्या डिस्कवर मजकूर असेल तर ती मजकुराची अंत्ययात्रा आहे. सेक्टर सापडत नाहीत म्हणून वैतागून रात्री एक वाजता हे करायची इच्छा होते. मला झाली होती.

ईएसडीआयबद्दल दोनच ओळी. केबली अशाच ३४ आणि २०, पण विजेच्या भाषेत वेगळ्या. डोक्याचा थोडा भाग तिने डिस्कवर नेला. एमएफएम कार्डाला जोडून उपयोग नाही. घरगुती मशीनमध्ये ती फारशी भेटत नाही.

५. पहिल्यांदा सुरू करताना

आधी डिस्क न जोडता एसएमपीएस तपासा. लाल तारेवर ५ व्होल्ट, पिवळीवर १२. काही एसएमपीएस ओझ्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा मदरबोर्ड जोडलेला असू द्या.

डिस्क पूर्वी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत ठेवा. आडवी होती तर आडवी. एसटी-२२५ सारख्या डिस्कमध्ये हेड स्टेपर मोटरने पायरी-पायरीने सरकतं. ट्रॅकवर नेमकं आलो की नाही हे त्याला कळायची सोय नसते. उभी केली किंवा थंडच वाचायला घेतली तर हेड केसभर बाजूला पडतं. म्हणून सुरू करून अर्धा तास नुसती फिरू द्या, चहा घ्या, मग वाचा. माझ्याकडे पहिल्या पाच मिनिटांत न वाचलेले सेक्टर पाऊण तासाने मुकाट वाचले गेले.

फिरतच नसेल तर हेड तबकडीला चिकटलेलं असू शकतं. सुरू करण्याच्या क्षणी डिस्क हातात घेऊन तबकडीच्या अक्षाभोवती मनगटाने हलका झटका देतात. आपटायची नाही, ठोकायची नाही. हे एकदाच जमेल असं धरून चाला. सुटली की लगेच मजकूर उतरवायला घ्या.

६. चाळीस पिनांची आयडीई

इथे काम खूपच सोपं. लाल कड म्हणजे पिन १. एकटी डिस्क असेल तर जंपर मास्टरवर; काही कंपन्यांच्या डिस्कना "एकटी" अशी वेगळी जागा असते. सुरुवातीच्या काळातल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्का एका केबलवर गुण्यागोविंदाने नांदत नाहीत, तेव्हा वाचताना एकटीच जोडा.

सापळा असा की, बाजारातला यूएसबी-आयडीई अडॅप्टर इथे बऱ्याचदा चालत नाही. डिस्क फिरते, पण संगणकाला दिसत नाही, आणि लोक ती मेली समजून टाकून देतात. मेलेली नसते. जुन्या डिस्कना सेक्टरचा पत्ता सिलिंडर-हेड-सेक्टर असा तीन भागांत द्यावा लागतो आणि बहुतेक अडॅप्टर एका सलग क्रमांकाने मागतात. म्हणून तो जुना पेंटियम बोर्ड. त्यावर लिनक्स चढवा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रतिमा (एका फाइलीत हुबेहूब नक्कल) घ्या.

४० पिनांची दुसरी फसगत म्हणजे एक्सटीए. काही टँडी १००० मॉडेलांत आणि ॲमिगा ५०० ला बाजूने जोडायच्या ए५९० या डब्यात (१९८९, २० मेगाबाइट) ही आठ बिटांची डिस्क असते. कनेक्टर तोच, भाषा वेगळी; आयडीईवर ती बोलत नाही. आणि नावाने गोंधळू नका: आज मिळणारं एक्सटी-आयडीई कार्ड हे हौशी लोकांनी बनवलेलं वेगळंच कार्ड आहे. ते साधी आयडीई डिस्क एक्सटीला जोडून देतं. एक्सटीए डिस्कशी त्याचं काही नातं नाही.

उलट दिशेचा प्रश्नही येतो: ४८६ मध्ये (एटीनंतरच्या पिढीच्या पीसीत) मोठं कॉम्पॅक्ट फ्लॅश लावलं तर अर्धाच जीबी का दिसतो? बायोसला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामला) १०२४ सिलिंडरच मोजता येतात, आयडीईला १६ हेड, आणि दोघांत मिळून ६३ सेक्टर. १०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे ५२ कोटी ८४ लाख बाइट. भिंत तिथे आहे, कार्ड खराब नाही.

७. पन्नास पिनांची स्कझी

मॅकिंटॉश प्लस जानेवारी १९८६ मध्ये स्कझी पोर्ट घेऊन आला आणि पुढची बरीच वर्षं मॅकची डिस्क म्हणजे स्कझी असं समीकरण राहिलं. ॲमिगा ३००० मध्येही तीच. स्कझीचं मूळ शुगार्ट असोसिएट्सच्या सासीमध्ये. एसटी-५०६ शुगार्ट टेक्नॉलॉजीचं, सासी शुगार्ट असोसिएट्सचं: कंपन्या दोन, स्थापणारा माणूस एकच, ॲलन शुगार्ट. असोसिएट्समधून बाहेर पडून त्यांनी टेक्नॉलॉजी काढली आणि नावाच्या भांडणापायीच तिचं नाव सीगेट झालं.

जोडताना दोन गोष्टी: आयडी आणि टर्मिनेटर. प्रत्येक यंत्राला ० ते ७ मधला वेगळा आयडी. मॅक स्वतः ७ घेतो, आतली डिस्क ०. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, मध्ये कुठेही नाही. शंभरातल्या नव्वद तक्रारी इथेच मिटतात. (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय.) मॅक प्लस टर्मिनेटरला वीज पुरवत नाही, ती डिस्कने द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

मजकूर काढण्यासाठी ब्लूस्कझीची दुसरी आवृत्ती किंवा झुलूस्कझी घ्या. ही एसडी कार्डावरून हार्ड डिस्कचं सोंग घेणारी यंत्रं आहेत, पण उलट बाजूने जुन्या डिस्कची प्रतिमा एसडी कार्डावर ओढूनही घेतात. मला विचाराल तर सगळ्या लेखात एवढी सुखाची पायरी दुसरी नाही.

८. सारखे दिसणारे पोर्ट

मॅकचा बाहेरचा स्कझी पोर्ट २५ पिनांचा, आणि पीसीचा प्रिंटर पोर्टही २५ पिनांचा. ए५९० वर २५ पिनांचा स्कझी, शेजारी ॲमिगाचा २५ पिनांचा प्रिंटर पोर्ट. केबल बसते म्हणून लावायची नाही.

१९ पिनांचं तसंच. अटारी एसटीचा हार्ड डिस्क पोर्ट एसीएसआय १९ पिनांचा. मॅकचा बाहेरच्या फ्लॉपीचा पोर्टही १९ पिनांचा, आणि १९८५ ची ॲपल हार्ड डिस्क २० चक्क त्या फ्लॉपी पोर्टला जोडायची असे. तिच्या पाठोपाठ आलेल्या २०एससीला स्कझी. नावात दोन अक्षरांचा फरक, आत सगळंच वेगळं.

अटारीचा एसएच२०४ डबा उघडलात तर मजा दिसेल: बाहेर एसीएसआय, मध्ये भाषांतर करणारा पाट, आणि आत आपली तीच दोन केबलींची एसटी-५०६ डिस्क. म्हणजे डब्यातली डिस्क तेवढी काढून ठेवलीत तर तुम्हीही मामाच.

९. मजकूर बाहेर काढणं

क्रम असा ठेवा: आधी सगळ्यात मौल्यवान फोल्डर, मग बाकीचे, मग जमलं तर पूर्ण प्रतिमा. डिस्क कुठल्या क्षणी थांबेल सांगता येत नाही. डीडीरेस्क्यूने प्रतिमा घेता येत असेल (आयडीई, स्कझी) तर थेट प्रतिमाच घ्या.

एक्सटीवर मला सर्वांत बरा वाटलेला मार्ग: एमएफएम कार्डाशेजारी एक्सटी-आयडीई कार्ड आणि त्यावर कॉम्पॅक्ट फ्लॅश. दोन्ही कार्डांना आपापला रॉम असतो आणि दोघांचे पत्ते वेगळे हवेत. एमएफएम कार्ड सी८०० वर असतं, तेव्हा दुसरं डी००० वर ठेवा. फ्लॉपीवरून डॉस सुरू करा. डॉस ३.३ असेल तर विभाजन ३२ मेगाबाइटपेक्षा मोठं चालत नाही. डॉस ५ किंवा ६.२२ घ्या, ते ८०८८ वरही (एक्सटीच्या प्रोसेसरवरही) चालतात. कॉपी करण्याआधी दोन्ही ड्राइव्हवर डीआयआर देऊन कुठलं अक्षर कुणाचं ते कागदावर लिहा. रिकाम्या कार्डावरून भरलेल्या डिस्कवर कॉपी करणारे महाभाग मी पाहिलेत.

कार्ड नसेल तर सीरियल केबल आणि डॉस ६ मधलं इंटरलिंक. सावकाश, पण भरवशाचं. ३६० केच्या फ्लॉप्यांवर उतरवायचं म्हणाल तर भरलेल्या एसटी-२२५ ला साठेक लागतील, आणि त्यातल्या किती आज वाचल्या जातील हा वेगळाच जुगार.

या काळात करू नयेत अशा गोष्टी: चेकडिस्कचा दुरुस्तीचा पर्याय, सेक्टर "ताजे" करणारी साधनं, डीफ्रॅग. ही सगळी डिस्कवर लिहितात. आणि ॲमिगा किंवा मॅकची डिस्क विंडोजला जोडली की तो नम्रपणे विचारतो, डिस्क इनिशियलाइज करू का? नाही म्हणा. त्याला ती विभाजनं ओळखता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिमा घेऊन ती जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामात उघडा: ॲमिगाची विनयूएईमध्ये, अटारीची हटारीमध्ये, मॅकची बॅसिलिस्कमध्ये.

१०. फाइल उघडली आणि रांगोळी दिसली

मराठी मजकूर असेल तर हे होणारच. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठीच्या कार्डावर) टाइप केलेला मजकूर इस्की या मांडणीत असतो, जिचं १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे भारतीय मानक झालं. इंग्रजी अक्षरं जिथल्या तिथे दिसतात आणि देवनागरीच्या जागी टोपीवाले लॅटिन स्वर. हे चांगलं लक्षण आहे. इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर नियमाने होतं. आयसीयू या मुक्त लायब्ररीत त्याची सोय आहे.

डीटीपीच्या फाइलींचं तसं नाही. तिथे अक्षर म्हणजे फॉन्टमधल्या आकाराचा क्रमांक, आणि प्रत्येक फॉन्टची यादी निराळी. म्हणून डिस्कवरून फॉन्टच्या फाइलीही उचला, त्या निरुपयोगी दिसल्या तरी. पुढे रूपांतराचा तक्ता बनवायला त्याच लागतात.

मामांच्या डिस्कवर इस्की निघालं. दोन दिवाळी अंकांचा मजकूर, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि उधारीची एक यादी. यादी मामांनी मोबाइलवर मोठी करून नीट वाचली आणि त्यातल्या एकाला फोनही लावला.

११. परत ठेवताना

एसटी-२२५ बंद झाली की हेड आपणहून सुरक्षित जागी जात नाही. हलवण्याआधी पार्क आज्ञा चालवा, मगच वीज बंद करा. डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा: सिलिंडर, हेड, सेक्टर, एमएफएम की आरएलएल, कार्डाचं पूर्ण नाव शेपटीसकट, जंपरची जागा, ठेवायची दिशा. मग डिस्क, दोन्ही केबली आणि कार्ड एकाच अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. आमच्या पिशवीवर मामांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "यातलं काहीही वेगळं करू नये."